युगांडाचा सरकारी गाडा: माणसं मोजली, पगार वाढवले, आणि मग?

१९९६ साली युगांडातल्या २५० सरकारी प्राथमिक शाळांची एक पाहणी झाली. पद्धत अगदी साधी होती. सरकारने प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती अनुदान सोडलं ते राजधानीच्या दप्तरात बघायचं. मग शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या वह्या उघडायच्या आणि त्यातलं किती पोचलं ते लिहून घ्यायचं. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी ताळा मांडला. १९९१ ते १९९५ या वर्षांत सरकारने सोडलेल्या शंभर शिलिंगांपैकी सरासरी तेरा शाळेपर्यंत पोचले होते. बहुतेक शाळांना तर छदामही मिळाला नव्हता.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. या शाळांचा बराचसा खर्च पालकच वर्गणी काढून भागवत होते. असं काही अनुदान आपल्या नावाने निघतं, हेच अनेक गावांना ठाऊक नव्हतं. जे येणार हेच माहीत नाही, ते आलं नाही म्हणून तक्रार कोण करणार?

पैसा अडला होता जिल्हा कचेरीत. तिथून तो कुठे वाहनांच्या पेट्रोलला गेला, कुठे भत्त्यांना, कुठे स्थानिक राजकारणाला आणि कुठे सरळ खिशात. जिल्हा कचेरीतली माणसं जन्मजात चोर नव्हती. एके काळी या देशाची नोकरशाही सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत चांगल्यांपैकी मानली जायची. ती तिथून इथवर कशी आली, हे समजल्याशिवाय ‘प्रशासकीय सुधारणा’ या जड शब्दाचा अर्थ लागत नाही.

ब्रिटिशांच्या काळात युगांडाचा कारभार व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या एन्टेबे गावातून चालायचा. रचना तीन मजली होती. वरच्या मजल्यावर गोरे साहेब, खाली आफ्रिकी शिपाई आणि मजूर, आणि मधल्या मजल्यावर कारकून, हिशेबनीस, खजिन्याचे लोक. या मधल्या मजल्यावर आपल्या गोव्याहून गेलेली माणसं फार मोठ्या संख्येने होती. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, तरी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या कचेऱ्यांतल्या खतावण्या गोवेकरांच्या हस्ताक्षरात भरल्या जात. एन्टेबे आणि कंपाला इथे त्यांच्या संस्थाही होत्या. ९ ऑक्टोबर १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. वरच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या आणि तिथे युगांडाची स्वतःची शिकलेली पिढी आली. बरेचसे अधिकारी मकेरेरे विद्यापीठातून बाहेर पडलेले होते.

मग जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीनने सत्ता बळकावली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. ओसाड पडलेली दुकानं सगळ्यांना दिसली, पण त्याच वेळी कचेऱ्यांतली टेबलंही रिकामी झाली. शिवाय अमीनचा वरवंटा खुद्द युगांडाच्या शिकल्यासवरल्या माणसांवरूनही फिरला. सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका मारले गेले, मकेरेरेचे कुलगुरू फ्रँक कालिमुझो नाहीसे झाले. नियमावर बोट ठेवणं जिवावर बेतू शकतं, हे त्या वर्षांत प्रत्येक सरकारी माणूस शिकला. ज्यांना जमलं ते परदेशी गेले.

जे उरले त्यांचे पगार महागाईने खाल्ले. साखर, साबण, मीठ सगळं काळ्या बाजारात मिळायचं. त्या बाजाराला तिथे ‘मागेन्डो’ म्हणत. १९८० च्या दशकात अशी पाळी आली की महिन्याचा पगार काही दिवसांच्या जेवणालाही पुरेना. मग सरकारी क्वार्टरच्या अंगणात केळी आणि कोंबड्या आल्या, कुणी टॅक्सी चालवू लागलं, कुणी दुपारी दुकान सांभाळू लागलं. ऑफिसात खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून ठेवायचा आणि बाहेर पडायचं. कुणी विचारलं तर ‘आत्ताच इथे होते’ म्हणायला शेजारचा मोकळा. त्याच दशकाच्या सुरुवातीला युगांडाच्याच एका वेतन आयोगाने हे स्वच्छ शब्दांत मांडलं. आयोगाचं म्हणणं असं की, सरकारी नोकरापुढे दोनच वाटा होत्या: आपली नीतिमत्ता आणि कामाचा दर्जा खाली आणून जगायचं, किंवा ताठ राहून मरायचं. त्याने जगायचं ठरवलं.

सुधारणेची सगळी गुंतागुंत या एका निरीक्षणात आहे. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक माणसाला पोट भरता येत नाही, तिथे दक्षता समित्या कितीही नेमा, त्या समितीतल्या माणसालाही संध्याकाळी घरी जायचंच असतं.

१९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले. तीनच वर्षांत सरकारी सेवेची फेररचना सुचवण्यासाठी आयोग नेमला गेला. १९९० च्या सुमारास सरकारी पगारावर जवळजवळ ३ लाख २० हजार नावं होती आणि मंत्रालयं होती ३८. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेदोन कोटींच्या आत. ‘नावं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण प्रत्येक नावामागे माणूस होताच असं नाही.

हे ‘भूत’ तयार कसं होतं ते बघण्यासारखं आहे. समजा, लांबच्या जिल्ह्यातला एक शिक्षक वारला. शाळेने जिल्ह्याला कळवायला हवं, जिल्ह्याने राजधानीला, आणि राजधानीतल्या कारकुनाने पगारपत्रकातलं नाव खोडायला हवं. यातला एक दुवा जरी आळशी किंवा लबाड असला तरी नाव तसंच राहतं. पगार रोखीने वाटला जायचा. पगाराच्या दिवशी त्या नावापुढे कुणीतरी अंगठा उठवायचा आणि पैसे वाटून घेतले जायचे. बदली झालेल्याचं नाव दोन्हीकडे राहायचं. कधी कधी तर जन्मालाच न आलेला माणूस नोकरीला लागायचा. महाराष्ट्राने २०११ साली शाळांची पटपडताळणी केली तेव्हा न शिकणारी मुलं पटावर सापडली होती, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की युगांडात बोगस नावं शिकवणाऱ्यांचीही होती.

तर पहिलं काम म्हणजे मोजणी. पगारपत्रकं तपासली, हजारो भुतं उतरवली. मग खात्यांचं एकत्रीकरण झालं, ३८ मंत्रालयांची २१ झाली. रोजंदारीवरच्या कामगारांचा एक मोठा गट होता, तो कमी केला. बाकीच्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आणि सक्तीची निवृत्ती. त्यासाठीचा बराच पैसा परदेशी मदतीतून आला. पाच-सहा वर्षांत आकडा निम्म्यावर, म्हणजे १ लाख ६० हजारांच्या आसपास आला. जगात कुठेही, शांततेच्या काळात, सरकारने स्वतःला इतकं झपाट्याने अर्धं केल्याची उदाहरणं मोजकीच आहेत. जागतिक बँकेच्या वर्तुळात युगांडाचं नाव आदर्श विद्यार्थ्यासारखं घेतलं जाऊ लागलं.

मला या कौतुकाबद्दल शंका आहे. नोकरकपात हा सुधारणेतला सगळ्यात दिसणारा भाग असतो, म्हणून तोच सुधारणा समजला जातो. त्यात पहिला बळी गेला रोजंदारीवरच्या माणसाचा, ज्याच्या पाठीशी ना संघटना होती ना साहेब. पण एक गोष्ट युगांडाने निश्चितच नीट केली. माणसं कमी करून वाचलेला पैसा उरलेल्यांच्या पगारात घातला. आधी पगार नावापुरता आणि घर, गाडी, भत्ते अशी पगाराबाहेरची मिळकत भारी, असा मामला होता. ही मिळकत साहेबांच्या वाट्याला जास्त यायची आणि कुठल्याच ताळेबंदात धड दिसायची नाही. सरकारने सवलतींचं रूपांतर रोख पगारात करायला घेतलं आणि अनेक सरकारी घरं राहणाऱ्यांनाच विकली. ध्येय ठरवलं होतं ‘जगण्यापुरता पगार’. पगार वाढले, अगदी कित्येक पटींनी वाढले, पण मुळात ते इतके खाली गेले होते की या ध्येयापर्यंत काही पोचले नाहीत.

त्यात १९९७ मध्ये सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. शाळेत जाणारी मुलं तीस लाखांच्या आसपास होती, ती एका वर्षात पन्नास लाखांच्या पुढे गेली. एकेका वर्गात शंभरावर मुलं. शिक्षक भरावेच लागले. आज युगांडाच्या सरकारी सेवेत पुन्हा तीन लाखांहून जास्त माणसं आहेत. म्हणजे आकडा फिरून जवळपास तिथेच आला. मात्र लोकसंख्या आता साडेचार कोटींच्या वर आहे, आणि या तीन लाखांत शिक्षक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचा भरणा मोठा आहे. तेव्हा ‘सरकारी नोकर फार झाले’ असं कुणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं: कोण फार झाले? नर्स की उपसचिवाचे उपसचिव?

सगळ्यांचे पगार एकदम वाढवता येत नाहीत, मग एखादं खातं बाहेर काढून तिथे भरपूर पगार द्यावा, ही दुसरी युक्ती. १९९१ मध्ये अर्थखात्यातून करवसुली काढून युगांडा महसूल प्राधिकरण स्थापन झालं. आपल्या भाषेत निमसरकारी. नेहमीच्या वेतनश्रेणीच्या कितीतरी पट पगार, भरती आणि बडतर्फीची मोकळीक, आणि पहिले प्रमुखही घानाहून आणलेले, म्हणजे स्थानिक गोतावळ्याचा दबाव नको. सुरुवातीला याचं फळ दिसलं. देशाच्या उत्पन्नाच्या सातेक टक्क्यांवर असलेला कर काही वर्षांत बारा टक्क्यांच्या जवळ गेला. नंतर मात्र तिथेच अडकला. भ्रष्टाचाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की न्यायमूर्ती ज्युलिया सेबुटिंडे यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली.

चांगला पगार देऊनही असं का व्हावं? एक कारण सरळ आहे. पगार हे मुळात अर्धंच औषध. पकडलं जाण्याची भीती नसेल तर वाढलेला पगार हा लाचेवरचा बोनस होतो. दुसरं कारण युगांडाच्या मातीतलं, आणि आपल्यालाही परकं नाही. घरातला एक जण मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीत लागला की पुतण्याची फी, मामाचं ऑपरेशन, गावातल्या चर्चचं छप्पर, सगळं त्याच्याकडे येतं. पगार वाढतो तशी हक्काने मागणारी माणसंही वाढतात. या माणसाला भ्रष्ट ठरवणं सोपं आहे. पण गावाच्या दृष्टीने, नाही म्हणणारा तो वाईट.

२००४ मध्ये अ‍ॅलन कागिना या बाई महसूल प्राधिकरणाच्या प्रमुख झाल्या. त्यांनी पुढच्याच वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की, तुमची पदं गेली असं समजा आणि नव्याने अर्ज करा. अनेकांना परत घेतलं नाही. त्यानंतर प्राधिकरणाचं काम सुधारलं असं सर्वसाधारण मत आहे. या बाईंचं नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईल.

आता त्या तेरा शिलिंगांकडे वळू. पाहणीचा निष्कर्ष कळल्यावर सरकारने एक स्वस्त उपाय केला. कुठल्या जिल्ह्याला शाळांसाठी किती रक्कम सोडली, हे दर महिन्याला वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. इंग्रजीत आणि स्थानिक भाषांतही. पुढे शाळांना आपल्याकडे आलेली रक्कम भिंतीवर लावणं बंधनकारक झालं. डोळ्यांसमोर आणा: मातीच्या अंगणातली शाळा, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद, त्यावर महिना आणि आकडा. मुलाला सोडायला आलेली आई तो वाचते किंवा कुणाकडून वाचून घेते. पाच वर्षांपूर्वी जे पैसे आहेत हेच तिला माहीत नव्हतं, ते आता किती हेही ठाऊक. २००१ पर्यंत शंभरातले ऐंशीहून अधिक शिलिंग शाळेत पोचू लागले. वर्तमानपत्र विकत मिळण्याच्या ठिकाणापासून शाळा जितकी जवळ, तितकी सुधारणा जास्त, असंही संशोधकांना दिसलं.

ही गोष्ट जगभर सांगितली गेली, आणि सांगताना जरा गुळगुळीत झाली. नंतरच्या अभ्यासकांनी लक्षात आणून दिलं की त्याच सुमारास मोफत शिक्षण आलं होतं, अनुदान किती तरी मोठं झालं होतं आणि पैसे सोडण्याची व देखरेखीची पद्धतही बदलली होती. सगळं श्रेय भिंतीवरच्या कागदाला देता येणार नाही. मलाही ते पटतं. पण वरून कडक पद्धत आणि खालून माहीतगार पालक असे दोन्हीकडून धक्के बसले तेव्हाच मधली कचेरी हलली, एवढं तरी यातून नक्की दिसतं.

नुसत्या खालच्या धक्क्यावर किती भिस्त ठेवावी, याचा अनुभवही युगांडातच आला. नऊ जिल्ह्यांतल्या पन्नास आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांच्या गावकऱ्यांना केंद्राचं प्रगतिपुस्तक दाखवून, गावकरी आणि कर्मचारी यांच्या बैठका घडवून आणल्या. वर्षभरात तिथले लहान मुलांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले असं आढळलं. सगळे हरखले. काही वर्षांनी ३७६ केंद्रांवर तसाच, मोठा प्रयोग झाला, आणि मृत्यूंवर तसा परिणाम काही दिसला नाही. गावकऱ्यांनी बैठकीत आवाज उठवला तरी नर्सची बदली, औषधांचा साठा, डॉक्टरची नेमणूक यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं.

कर्मचारी जागेवर असणं ही तर सगळ्यात पहिली पायरी. २००२-०३ च्या सुमारास सहा देशांत न सांगता भेटी देऊन कोण हजर आहे ते तपासलं गेलं. युगांडात शंभरातले २७ शिक्षक आणि ३७ आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. यावर नाक मुरडण्याआधी आपला आकडा बघावा: भारतात २५ शिक्षक आणि ४० आरोग्य कर्मचारी. भारतातल्या राज्यांत महाराष्ट्राची शिक्षकांची गैरहजेरी सर्वांत कमी निघाली, तरी ती १५ च्या आसपास होतीच. यात सगळे कामचुकार नसतात. पगार आणायला तालुक्याला जावं लागतं, प्रशिक्षणाला बोलावलेलं असतं, राहायला गावात घर नसतं. युगांडात प्रशिक्षण शिबिराचा भत्ता हीच अनेकांची खरी वरकमाई असते, त्यामुळे शिबिरं संपता संपत नाहीत. कामाला लागणाऱ्या पैशाला तिथे ‘फॅसिलिटेशन’ म्हणतात. पेट्रोलचं फॅसिलिटेशन आलं नाही, म्हणून तपासणी झाली नाही. आणि कागदावर पोचलेल्या पण प्रत्यक्षात न आलेल्या मालाला नाव आहे ‘एअर सप्लाय’. हवेचा पुरवठा!

कारभार लोकांजवळ न्यावा म्हणून १९९७ च्या कायद्याने जिल्ह्यांना मोठे अधिकार मिळाले. शिक्षक, नर्स यांची भरती जिल्हा सेवा आयोगाकडे आली. हेतू चांगला. पण १९८६ मध्ये ३३ असलेले जिल्हे आज १३० च्या वर गेले आहेत. प्रत्येक नव्या जिल्ह्याला अध्यक्ष, मुख्य अधिकारी, गाड्या, इमारत. निवडणुकीआधी जिल्हा मागायचा आणि द्यायचा, हा राजकारणाचा भाग झाला. मंत्रालयात वाचवलेल्या खुर्च्या जिल्ह्यांत मांडल्या गेल्या. नोकऱ्या विकल्या जातात ही तक्रार तर वर्षानुवर्षं चालू आहे. कागदावर युगांडाचे भ्रष्टाचारविरोधी कायदे इतके उत्तम की एका आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात त्यांना एकदा जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. अंमलबजावणीचे गुण त्याच्या निम्म्याच्या आसपास. २०१२ मध्ये पेन्शनमधली भुतं सापडली ती खुद्द लोकसेवा मंत्रालयात. त्याच वर्षी उत्तर युगांडातल्या युद्धग्रस्तांसाठी आलेली मदत पंतप्रधानांच्या कार्यालयातून दुसरीकडे वळवल्याचं उघड झालं, आणि आयर्लंडसह काही देशांनी मदत थांबवली.

पगाराचा प्रश्न आजही उकळतो आहे. २०२२ मध्ये सरकारने माध्यमिक शाळांतल्या विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांचा पगार महिना ४० लाख शिलिंग केला. शेजारच्या वर्गात इतिहास किंवा साहित्य शिकवणाऱ्याला दहा लाखांच्या आसपास. त्या जूनमध्ये शिक्षक संपावर गेले आणि काही आठवडे शाळा अडल्या. एका शिक्षक-खोलीत, एकाच चहाच्या किटलीभोवती बसणाऱ्या दोन माणसांत चौपट फरक. देशाला शास्त्रज्ञ हवेत हे मान्य. पण पदवी तेवढीच, तास तेवढेच, वर्गात मुलंही तीच. वाढीव पगाराने एकाची उमेद वाढली असेल, पण दुसऱ्याची किती खचली याचा हिशेब त्या निर्णयात मला दिसत नाही.

आणि आता निमसरकारी प्राधिकरणांकडे. महसुलाप्रमाणेच ही युक्ती इतरत्रही जिथे तिथे वापरली गेली. रस्त्यांसाठी, कॉफीसाठी, कशाकशासाठी स्वतंत्र संस्था. प्रत्येकीची वेतनश्रेणी मंत्रालयापेक्षा वरची. परिणाम असा झाला की मंत्रालयात धोरण ठरवणारा अभियंता आपल्या अंमलाखालच्या संस्थेतल्या कनिष्ठाहून कमी पगार घेऊ लागला, आणि संधी मिळताच तिकडे उडी मारू लागला. रस्ते प्राधिकरणात २०१५ मध्ये कागिनाबाईंना आणलं गेलं. त्यांनी तिथेही सगळ्यांना घरी पाठवून नव्याने अर्ज मागवले. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने या संस्था मंत्रालयांत परत विलीन करायचं ठरवलं, कारण खर्च वाढला आणि कामं दुहेरी झाली. संसदेत भांडणं झाली. कॉफीच्या विधेयकावर तर २०२४ मध्ये हातघाईची वेळ आली. कॉफीवर लाखो शेतकऱ्यांची घरं चालतात आणि दर्जा सांभाळणारी संस्था मंत्रालयात विरघळली तर काय, ही त्यांची भीती होती.

२०२४ च्या अखेरीस रस्ते प्राधिकरण बंद झालं. एकदा सगळ्यांना काढून पुन्हा उभं केलेलं कार्यालय ज्या मंत्रालयातून बाहेर काढलं होतं, त्याच मंत्रालयात परत गेलं. रस्ते तेच, खड्डे तेच. त्यांच्यावर देखरेख करणारा अभियंता आता पुन्हा मंत्रालयाच्या वेतनश्रेणीत मोडणार.